काटा थांबता कामा नये

१२ जानेवारी २०२३. पहाटेचे सव्वातीन वाजले होते. फोनवर वजनकाट्यावरचे आण्णा. "ताई, काट्याच्या कॉम्प्युटरवर फायलींची नावं बदलायला लागल्यात. माझ्या डोळ्यांदेखत. मी मागनं वायर उपटली. चुकलं का?"

चुकलं नव्हतं. त्या रात्री आमच्या कारखान्यात कुणी काही बरोबर केलं असेल, तर ते आण्णांनीच.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात संगणक विभाग बघते. आमचं गाळप दिवसाला पाच हजार टनांच्या घरात. म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या धरून रोज साडेतीनशे ते चारशे खेपा काट्यावरून जातात. भरगाडीचं वजन, मग गव्हाणीवर ऊस ओतून आल्यावर रिकाम्या गाडीचं वजन, मग पावती. हंगामात हे चोवीस तास चालतं. तुटलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं आणि त्यातली साखर कमी होते. टोळी फडात अडकते, वाहनवाला रस्त्यात अडकतो, आणि मिल रिकामी चालली की बॉयलरवाल्यांचे फोन सुरू होतात. त्यामुळे आमच्याकडे 'सर्व्हर बंद आहे' या वाक्याचा अर्थ कार्यालयात बसून कळत नाही. तो केनयार्डात, म्हणजे ऊसगाड्या रांगेत थांबतात त्या मैदानात, उभं राहिल्यावर कळतो.

मी कारखान्यावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. सर्व्हर रूममध्ये स्क्रीनवर एकच मजकूर: तुमच्या फायली कुलूपबंद आहेत, अमुक पत्त्यावर संपर्क करा, तीन दिवसांनंतर रक्कम दुप्पट. ऊस नोंदी, तोडणी कार्यक्रम, वजनं, ऊस बिलं, सभासदांची खाती, पगार, स्टोअर, सगळं गेलं होतं. बॅकअपच्या डब्याकडे धावले, म्हणजे सर्व्हरशेजारी ठेवलेल्या, नेटवर्कवरून प्रती साठवणाऱ्या नॅसकडे. तोही गेला होता. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कही गेली होती. रोज रात्री दोन वाजता बॅकअप होतो आणि सकाळी मला 'यशस्वी' असा ईमेल येतो, याचा मला अभिमान होता. पण सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्याच हाती ते दोन्ही बॅकअप होते. हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर असाच हल्ला झाला होता. २३ तारखेला तिथली यंत्रणा बंद पडली आणि पुढचे कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहिले गेले. ती बातमी मी वाचली होती. आमच्याकडे गाळप नुकतंच सुरू झालं होतं. वाचली आणि कामाला लागले. ऊस कारखान्याच्या वजनकाट्यात कुणाला काय रस असणार, असं मला वाटलं होतं. हल्लेखोरांना आमच्या वजनांत रस नसतोच. आम्ही ती वजनं मिळवण्यासाठी किती अगतिक होऊ, एवढंच ते बघतात.

आधी काटा. वजनाचा इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारी पेटी, संगणकाशिवाय चालते. त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो आणि बाहेर शेतकऱ्याला दिसेल असा मोठा लाल आकड्यांचा फलकही त्याच पेटीला जोडलेला असतो. म्हणजे वजन करता येत होतं. फक्त पावती छापता येत नव्हती. आण्णांनी कपाटातून जुनी पावती पुस्तकं काढली. पहाटे साडेचारपासून हाताने पावत्या सुरू झाल्या.

रांगेतल्या एका शेतकऱ्याने विचारलं, "हातानं लिवलेलं वजन आम्ही कसं मानायचं, बाई?" त्याचा प्रश्न रास्त होता. काटामारीच्या गोष्टी आमच्या भागात पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात आणि त्यातल्या सगळ्याच खोट्या नसतात. मग असं ठरवलं की बाहेरच्या फलकावरचा आकडा वाहनवाल्याने मोठ्याने वाचायचा, आतल्याने लिहायचा, आणि पावतीवर दोघांनी सही किंवा अंगठा करायचा. एका खेपेला एरवीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त लागायला लागली. रांग सकाळी नऊपर्यंत पार रस्त्यावर गेली. पण काटा थांबला नाही आणि मिलही थांबली नाही.

मिल थांबली नाही यामागे दुसरंही एक कारण होतं. बॉयलर आणि मिलचं नियंत्रण ज्या यंत्रणेवर चालतं, ती कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळी आहे असं आम्ही सगळे समजत होतो. सकाळी सहाला चीफ इंजिनिअर साहेबांबरोबर मी प्रत्येक वायर हाताने तपासली, तेव्हा कंट्रोल रूममधल्या एका संगणकाला दोन नेटवर्क कार्डं निघाली. एक यंत्रांकडे, दुसरं कार्यालयाकडे. कुणीतरी कधीतरी रोजचा अहवाल सोयीने पाठवता यावा म्हणून जोडलं होतं. तो संगणक रात्रपाळीत बंद करून ठेवायची सवय होती, म्हणून वाचलो. ती वायर काढताना साहेबांचा हात थरथरत होता. उकळत्या बॉयलरचं काय होऊ शकलं असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. मी सकाळी साडेआठला ईमेल पाठवला आणि मग पोलिसांच्या सायबर शाखेत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिली गोष्ट सांगितली: काहीही फॉरमॅट करू नका. मला तर सर्व्हर लगेच पुन्हा उभा करायचा होता. मार्ग असा निघाला की जुन्या सगळ्या डिस्का काढून, क्रमांक घालून, पाकिटात सील करून ठेवायच्या आणि नव्या डिस्कांवर काम सुरू करायचं. त्या दिवशी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या दुकानांतून मिळतील तेवढ्या डिस्का आणल्या. कुणावर असा प्रसंग आलाच तर एवढं लक्षात ठेवा. पुरावाही वाचतो, आणि कुलूप लागलेल्या फायलींची चावी पुढे कधी सापडली तर ती लावायला फायलीही हातात राहतात. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमाकडे अशा बऱ्याच चाव्या मोफत मिळतात. आमच्या फायलींचा नमुना आम्ही तिथे घालून पाहिला. चावी नव्हती.

दुपारी संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. रकमेचा आकडा इथे लिहीत नाही. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "देऊन टाका आणि मोकळे व्हा. हंगाम महत्त्वाचा." त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी दोन घटना सांगितल्या. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने ७५ बिटकॉइन दिले, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर. मिळालेलं साधन इतकं संथ निघालं की कंपनीला आपल्याच बॅकअपवर काम करावं लागलं. त्याच महिन्यात आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी तिथे चावी चक्क फुकट दिली, तरी सगळं पूर्ववत व्हायला चार महिने गेले. कारण चावीने फाइल उघडते, पण ज्या घरात चोर फिरून गेला ते घर विश्वासाने वापरता येत नाही. प्रत्येक मशीन नव्याने उभं करावंच लागतं. चेअरमन साहेबांनी थोडा वेळ घेतला आणि विचारलं, "ताई, पैसे न देता बिल कधी निघेल?"

ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण त्या क्षणी माझ्या मनात कायदा नव्हता. पंधरवड्याच्या बिलावर लोक सोसायटीचा हप्ता भरतात, पोरीचं लग्न ठरवतात. मी म्हणाले, चार दिवस उशिरा. ते शब्द कुठल्या भरवशावर बोलले, ते सांगते.

३१ डिसेंबरला पंधरवडा बंद करताना शेती अधिकाऱ्यांना काही अहवाल हवे होते. मी त्यांना पूर्ण डेटाबेसची प्रत एका हार्ड डिस्कवर दिली होती. त्यांनी ती बघून कपाटात टाकली होती. अकरा दिवस जुनी, पण धड. आणि त्यानंतरच्या अकरा दिवसांच्या पावत्यांची गुलाबी प्रत आण्णांकडे होती. पांढरी शेतकऱ्याला, पिवळी वाहनवाल्याला, गुलाबी काट्यावर. आदल्या उन्हाळ्यात मीच लेखी प्रस्ताव दिला होता की गुलाबी प्रत बंद करा, सगळं संगणकात असतंच, कागद वाचेल. आण्णांनी तो कागद वाचला आणि गुलाबी प्रती तारेत ओवणं चालूच ठेवलं.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं जाळं बंद पाडलं, आपल्या न्हावाशेवाच्या बंदरातलं त्यांचं टर्मिनलसुद्धा. सगळ्या वापरकर्त्यांची ओळख ज्या सर्व्हरांवर ठेवलेली असते, ते एकूण एक पुसले गेले होते. एक सोडून. घानातल्या कार्यालयात नेमकी वीज गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला राहिला आणि त्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. एवढी बलाढ्य कंपनी, आणि तारलं वीज जाण्याने. आम्हाला एका कपाटाने तारलं. दोन्हीकडे ते योगायोगानेच घडलं होतं, आणि योगायोगाच्या जिवावर पुढचा हंगाम काढायची माझी तयारी नव्हती.

नवा सर्व्हर १३ तारखेला संध्याकाळी उभा राहिला. मग चार हजारांहून जास्त गुलाबी पावत्या. गट ऑफिसची मुलं, फडावर उसाच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय, लेखा विभागातल्या दोघी, कॅन्टीनशेजारच्या हॉलमध्ये सगळे बसलो. एकच पावती दोन वेगवेगळ्या लोकांनी भरायची आणि दोन्ही आकडे जुळले तरच ती पक्की धरायची. दिवसाची बेरीज लॅबच्या रजिस्टरात लिहिलेल्या गाळपाशी ताडून बघायची. भोगी त्यातच आली. बाया घरून बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी घेऊन आल्या आणि संक्रांतही त्याच हॉलमध्ये झाली. शेवटी ३७ पावत्या जुळेनात. शाई उडालेली, वाहन क्रमांक अर्धवट, कुठे कार्बन सरकलेला. त्या ३७ शेतकऱ्यांच्या घरी शेती विभागाची माणसं गेली आणि त्यांची पांढरी पावती बघून आली. एका आजींनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती. बिल चार दिवस उशिरा निघालं.

चोर आत कसा आला, हे नंतर जुन्या नोंदींतून उलगडलं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला होता. पासवर्ड होता कारखान्याचं नाव आणि वर्ष. ४ जानेवारीच्या रात्री कुणीतरी त्यावरून आत आलं, आठ दिवस फिरलं, अँटिव्हायरस बंद केला, विंडोज फायलींच्या ज्या जुन्या प्रती आपोआप ठेवतं त्या पुसल्या, आणि मग कुलूप लावलं. तो दरवाजा उघडा ठेवण्याच्या अर्जावर सही माझी होती. हे मी बैठकीत सांगितलं. सांगितलं नसतं, तर पुढे आण्णांसारखं कुणी पहाटे फोन करायलाही घाबरलं असतं, असं मला आजही वाटतं. आण्णा तरी पहिल्या वाक्यात 'चुकलं का?' म्हणाले होते. एमडी साहेबांनी खातेप्रमुखांच्या सभेत त्यांचं कौतुक केलं आणि एक परिपत्रक काढलं: संशय आला तर कुणालाही न विचारता वायर काढावी. खोटा संशय निघाला तरी कुणालाही जाब विचारला जाणार नाही.

हंगाम मार्चमध्ये संपला. त्या उन्हाळ्यात मी मिलमध्ये बरीच फिरले. दरवर्षी गाळप थांबलं की आमच्याकडे ओव्हरहॉलिंग सुरू होतं. मिलचे रोलर उतरवतात, बेअरिंगं बघतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेतात. मग ऑक्टोबरमध्ये चाचणी घेऊनच अग्निप्रदीपन. मागच्या हंगामात नीट चालली होती, म्हणून कुणी मिल तशीच सोडत नाही. माझा विभाग मात्र बारा वर्षांत एकदाही उतरवून बघितला गेला नव्हता. काट्यावरच्या दोन संगणकांवर विंडोज ७ होतं, ज्याचा पाठिंबा जानेवारी २०२० मध्येच संपला होता. मी संचालक मंडळापुढे मागणी ठेवली ती याच शब्दांत: संगणकांचं ओव्हरहॉलिंग, दरवर्षी, मिलबरोबर. फायरवॉल, व्हीलॅन असे शब्द वापरून तीन वर्षं जे मंजूर होत नव्हतं, ते त्या दिवशी वीस मिनिटांत मंजूर झालं.

रिमोट डेस्कटॉप बंद केला. आता पुरवठादाराला आत यायचं असेल तर आधी फोन, मग ठरावीक वेळेपुरता व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची सुरक्षित वाट, आणि ओटीपी. रोजच्या कामासाठी कुणाकडेच ॲडमिनचे अधिकार नाहीत, माझ्याकडेही नाहीत. त्यासाठी वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड. काट्याचं, कार्यालयाचं आणि यंत्रांचं नेटवर्क वेगळं केलं. सगळ्यात मोठा बदल काट्यावर झाला. तिथल्या संगणकात आता स्वतःचा छोटा डेटाबेस आहे. सर्व्हर मेला तरी पावती छापली जाते आणि सर्व्हर उठला की नोंदी आपोआप वर जातात. आणि तोही संगणक गेला, तर पावती पुस्तकं क्रमांक घालून, सही करून कपाटात तयार. गुलाबी प्रत कायम.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक कारखान्याबाहेर, हा नियम या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो. मलाही होता. आता नॅस स्वतःच्या वेगळ्या खात्याने सर्व्हरकडून प्रत ओढून घेतो, सर्व्हरला नॅसमध्ये काही लिहिता किंवा पुसता येत नाही. शिवाय दोन डिस्का आलटून पालटून. दर सोमवारी एक डिस्क तालुक्याच्या बँकेतल्या लॉकरमध्ये जाते आणि तिथली परत येते. नेणाऱ्याची सही रजिस्टरात.

मग पहिली तालीम. ऑगस्ट २०२३. रिकामा सर्व्हर आणि लॉकरमधली डिस्क घेतली, आणि घड्याळ लावलं. डेटाबेस दोन तासांत परत आला. मी टाळी वाजवणार तेवढ्यात कळलं की काट्याचं वजन संगणकात येतच नाही. इंडिकेटर सिरियल वायरने आकडा पाठवतो, आणि त्याचा वेग, पॅरिटी वगैरे सेटिंग कुणीच कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. काटा बसवणारा तंत्रज्ञ परगावी. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना एका यूएसबी डाँगलवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या किल्लीवर, ते डाँगल कुठे आहे ते माहीत असलेली व्यक्ती रजेवर. फोन नंबर सगळे ईमेलमध्ये, आणि ईमेल तालमीच्या नियमानुसार बंद. १९ तास लागले. मला रडू आलं होतं, कारण दप्तरी सगळं यशस्वी दिसत होतं. दुसऱ्या दिवशी एका वहीत सगळं लिहायला बसले: सेटिंगं, डाँगलची जागा, परवान्यांचे क्रमांक, कोण कुठे राहतं, कुणाच्या घरची बेल कितीदा वाजवावी लागते. त्या वहीच्या दोन प्रती आहेत, एक एमडी साहेबांच्या कपाटात, एक काट्यावर. मशीन बदललं की वही बदलते. परवाच्या तालमीला साडेचार तास लागले.

जुलै २०२४ च्या शेवटी सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे आमच्यासारखाच फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला. बँकांमधल्या पेमेंटचं देशभरचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून त्या कंपनीला त्या जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. तो गाळपाचा काळ नव्हता. पण तेच पंधरवड्याच्या बिलाच्या दिवशी घडलं असतं, तर आमच्या बाजूने सगळं धड असूनही शेतकऱ्याच्या खात्यात पैसे गेले नसते. आपला दरवाजा बंद करून भागत नाही, शेजाऱ्याच्या घरातूनही वाट असते, हे तेव्हा डोक्यात बसलं. आता बिलाची यादी दोन वेगळ्या बँकांच्या नमुन्यात तयार असते, आणि वहीत 'बँक बंद' असं एक नवं पान आहे.

तालीम आता हंगामातही होते. गेल्या डिसेंबरात एका रात्री दीडला, काट्यावर आधी न सांगता, मी सर्व्हरची वायर काढली. काट्यावरच्या नव्या मुलाने स्क्रीन पाहिली, पावती छापली जाते आहे ना ते तपासलं, वहीतलं पान काढलं आणि मला फोन केला. मी केनयार्डातच उभी होते. रांगेत बैलगाडीवर एक म्हातारबाबा घोंगडी पांघरून बसले होते. त्यांना काही वेगळं चाललं आहे, हे कळलंही नाही.

आण्णांना मात्र अजून एक गोष्ट खटकते, आणि त्यांचं बरोबर आहे. लॅबमधलं एक जुनं यंत्र अजून विंडोज ७ वरच चालतं. त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसत नाही आणि नवं यंत्र महाग आहे. ते नेटवर्कपासून तोडलंय, पण त्याचे आकडे पेनड्राइव्हने आणावे लागतात, आणि पेनड्राइव्ह म्हणजे चालती वायरच. सध्या तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कशालाही लावायचा नाही असं ठरलंय, त्याला लाल दोरी बांधली आहे. येत्या मंडळाच्या बैठकीत नव्या यंत्राचा विषय मांडते आहे. टिपण लिहून झालंय, चीफ केमिस्टांची सही तेवढी राहिली आहे.